बिदर माझ्याकडे नाही

छोट्या देशांचं एक बरं असतं. लिख्टेनश्टाइन हा अख्खा देश १६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मुंबईचा जेमतेम पाव हिस्सा. तिथे गाइड हवा असेल तर रस्त्यात पहिला दिसेल त्याला धरावं. त्याला देश पाठ असणार, आणि नसलाच तर पलीकडच्या फुटपाथवरून त्याचा मामा सांगणार. रशियाचं तसं नाही. १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पाचपटीहून जास्त, आणि घड्याळं अकरा प्रकारची. कालिनिनग्रादला सकाळी आठ वाजता माणूस चहा ओतत असतो तेव्हा कामचात्कात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि तिथला गाइड दिवसभराची कमाई मोजून घरी निघालेला असतो. अशा देशात "एक चांगला गाइड हवाय" म्हटलं की समोरचा विचारतो, "कशाचा?" आपण भाबडेपणाने म्हणतो, "रशियाचा." घोटाळा तिथेच सुरू होतो.

ग्रुप टूरने जायचं नाही, हे आमच्या घरात एकमताने ठरलं. म्हणजे हिने ठरवलं आणि मी एकमत दिलं. ग्रुप टूरवर तिचा जुना आक्षेप आहे: सहा-सात-आठ. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. "जन्मभर डबे करायला पाचला उठले. आता परदेशात जाऊनही कुणी दारावर टकटक करणार असेल तर मी इथेच बरी." दुसरा आक्षेप असा, की टूर मॅनेजर हा मुळात माणसं मोजणारा प्राणी असतो. पाठीमागे जगातलं कुठलंही आश्चर्य असो, तो आपल्याकडे तोंड करून उभा राहणार आणि त्याचं बोट हवेत टिचक्या मारत फिरणार. चाळीस भरले की त्याचा इतिहास संपला.

हिचं माहेर जुन्नर. ही माहिती इथेच देऊन ठेवतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जगातल्या कुठल्याही वास्तूची ती शिवनेरीशी तुलना करते आणि त्या स्पर्धेचा निकाल आधीच लागलेला असतो.

सल्ला घ्यायला म्हणून आम्ही कॉलनीतल्या एका काकांकडे गेलो. ते ऐंशीच्या दशकात कामगारांच्या शिष्टमंडळातून सोव्हिएत रशियाला जाऊन आलेले. त्यांच्या कपाटात अजून अण्णाभाऊ साठ्यांचं 'माझा रशियाचा प्रवास' दर्शनी ठेवलेलं असतं. अण्णाभाऊ गेले १९६१ साली, काका त्यानंतर वीसेक वर्षांनी. पण काकांचं बोलणं ऐकलं तर दोघं एकाच डब्यातून गेले असावेत असं वाटतं. गाइड कसा शोधायचा, या आमच्या प्रश्नावर ते मनापासून हसले.

"अरे, आमच्या वेळी गाइड शोधावा लागायचा नाही. गाइडच आपल्याला शोधायचा."

१९२९ साली निघालेली 'इंटूरिस्ट' नावाची सरकारी संस्था तेव्हा परदेशी पाहुण्यांचं सगळं बघायची. हॉटेल ठरलेलं, गाडी ठरलेली, काय पाहायचं ते ठरलेलं आणि ते पाहून काय वाटायला हवं तेही बहुतेक ठरलेलं. काकांना एकदा टूथब्रश हवा होता, तर त्यांच्या गटाची गाइड दुकानापर्यंत सोबत आली आणि जाता-येता त्या भागात पोलाद किती टन निघतं ते सांगत राहिली. ब्रश मिळाला नाही. पोलादाचे आकडे काकांना आजही पाठ आहेत.

आम्ही गेलो ते कोविडच्या आधी, आपली बँककार्डं तिथल्या यंत्रांत चालत होती त्या काळात. गाइडने माणसाला शोधण्याचे दिवस संपले, या समजुतीत मी होतो. लाल चौकाच्या तोंडाशी पोचलो आणि समजूत फिटली. एक बाई हातात कर्णा घेऊन तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारत होत्या. त्यातलं 'एक्सकुर्सिया' एवढं समजलं. बाकीचं समजावं अशी त्यांचीही अपेक्षा नसावी. दहा पावलांवर लेनिन आणि स्टालिन गप्पा मारत उभे होते. दोघंही हुबेहूब. फोटोचे पैसे लेनिन सांगायचा आणि घासाघीस सुरू झाली की स्टालिन पुढे यायचा. घासाघीस थांबायची.

कर्णेवाल्या बाईंची बस दोन तासांत अख्खं मॉस्को दाखवणार होती. अख्खं म्हटल्यावर मराठी माणूस विरघळतो. आम्ही चढलो. प्रत्येक खुर्चीला कानात घालायचं यंत्र होतं आणि त्यात इंग्रजी बोलणारा एक प्रसन्न आवाज. फक्त त्या आवाजाला मॉस्कोच्या वाहतुकीची कल्पना नव्हती. बस पहिल्याच सिग्नलला अडकली आणि आवाज न थांबता पुढे निघून गेला. "तुमच्या डावीकडे बोल्शोय थिएटर," तो म्हणाला, तेव्हा डावीकडे कपडे धुण्याच्या यंत्रांचं दुकान होतं. "उजवीकडे संथ वाहणारी मॉस्क्वा नदी," तेव्हा उजवीकडे दुसरी बस होती. तिच्यातले प्रवासी कानाला यंत्र लावून आमच्याकडे कौतुकाने बघत होते. त्यांच्या कानात त्या क्षणी नदी आम्ही असणार.

दुसऱ्या दिवशी क्रेमलिनला रीतसर ओळखपत्रवाला गाइड घेतला. वयाने साठीचा. भारतीय आहोत म्हटल्यावर "राज कपूर!" असं ओरडून त्याने माझा हात दाबला. 'आवारा' १९५४ साली तिथे लागला आणि तेव्हापासून एका पिढीच्या रशियनांना प्रत्येक भारतीय माणूस राज कपूरचा नातेवाईक वाटतो. हिला शम्मी आवडतो, पण ती तेवढ्यापुरती गप्प बसली. हा गाइड आकड्यांचा होता. त्याने आम्हाला झार तोफेपुढे उभं केलं: १५८६ साली ओतलेली, तोंडाचा व्यास ८९० मिलिमीटर, युद्धात कधीही न वापरलेली. मग झार घंटेपुढे: वजन सुमारे २०० टन, १७३७ च्या आगीत तडकली, साडेअकरा टनांचा टवका उडाला, कधीही न वाजलेली. न लढलेली तोफ आणि न वाजलेली घंटा लोक रांगा लावून बघत होते.

"आणि शिवनेरीवर?" त्याने उगाच सभ्यपणाने विचारलं, कारण तोवर हिने ते नाव त्याला दोनदा ऐकवलं होतं.

"तिथलं सगळं वापरलेलं आहे," ही म्हणाली.

सेंट पीटर्सबर्गला आम्ही फुकट गाइडच्या मागे लागलो. जगभरच्या शहरांत हल्ली हा प्रकार आहे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या खांबापाशी एक तरुण मुलगा किंवा मुलगी छत्री उंच धरून उभी असते आणि दोन-अडीच तास शहर पायी फिरवते. तिकीट नाही. शेवटी ज्याला जे वाटेल ते त्याने द्यावं. ऐकायला छान, पण सत्यनारायण सांगून झाल्यावर गुरुजी "दक्षिणा काय, यथाशक्ती" म्हणतात तेव्हा यजमानाचा जो चेहरा होतो, तो अडीच तास घेऊन फिरणं सोपं नाही. मुलगी गोड होती. पीटरने १७०३ साली दलदलीत हे शहर कसं वसवलं, मोइका नदीवरच्या युसुपॉव्ह महालात १९१६ च्या डिसेंबरात रास्पुतिनला कसं मारलं, सगळं तिने रंगवून सांगितलं. मी मात्र मनात आकडेमोड करत होतो. रास्पुतिनला विष दिलं तेव्हा मी तीनशे रूबलवर होतो. गोळी लागली तेव्हा पाचशेवर गेलो. तो गोळी लागूनही उठून पळाला असं तिने सांगितल्यावर सातशे झाले. शेवटी सगळ्यांनी खिशात हात घातले आणि प्रत्येकजण शेजाऱ्याची मूठ किती फुगलीय ते बघू लागला. जपानी जोडप्याने पाकीट दिलं. बंद पाकिटाशी स्पर्धा कशी करायची, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

खरा गाइड मिळाला तो घरमालकिणीमुळे. आम्ही तिच्या फ्लॅटमधली एक खोली घेतली होती. तिला म्हटलं, शहर दाखवणारं कुणी चांगलं आहे का? ती म्हणाली, शहर दाखवणारं कुणी नाही, पण आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई निवृत्त झाल्यात, त्या सेन्नाया चौकाच्या आसपासचं दाखवतात. पलीकडचं? "पलीकडचं त्या नाही दाखवत."

बाईंचं नाव तीन भागांचं: स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. अगदी आपल्याकडच्या हजेरीपटासारखं, त्यामुळे हिला त्या पहिल्या मिनिटाला जवळच्या वाटल्या. हातात छत्री नाही, कर्णा नाही. वाण्याकडे निघाल्यासारखी कापडी पिशवी. त्यांनी आम्हाला दोस्तोयेव्हस्कीच्या गल्ल्यांत नेलं. 'गुन्हा आणि शिक्षा'मधला रास्कोल्निकॉव्ह आपल्या खोलीपासून सावकारीण म्हातारीच्या घरापर्यंतची पावलं मोजतो आणि ती बरोबर ७३० भरतात. तो राहायचा ते घर बाईंनी दाखवलं. मग म्हणाल्या, "चला, मोजा."

आता हा मनुष्य कादंबरीतला. तो या जगात कधी राहिला नाही, भाडं भरलं नाही, जिना चढला नाही. पण बाई त्या घरासमोर अशा उभ्या होत्या की वाटावं, पोरगा त्यांच्याच वर्गात होता आणि गणितात कच्चा होता. आम्ही मोजत निघालो. ही तिसऱ्या वळणावरच आठशेच्या पुढे गेली. मी सांगितलं, तुझी पावलं लहान आहेत. ती म्हणाली, त्याच्या पायात साडी नव्हती. बाईंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्या रस्त्यात थांबून हसल्या आणि पिशवीतल्या वहीत काहीतरी लिहून ठेवलं. पुढे कित्येक आतल्या चौकांमधून त्यांनी आम्हाला नेलं. कुठल्या खिडकीमागे क्रांतीनंतर एकाच स्वयंपाकघरात सात बिऱ्हाडांच्या सात चुली कशा असायच्या, कुणाच्या वाटणीचा दिवा कुठल्या बटणाने लागायचा, हे सगळं त्यांनी सांगितलं. चाळीत वाढलेल्या मला त्यात समजून घ्यायला फारसं काही उरलं नव्हतं, पण ऐकत राहावंसं वाटलं.

निरोप घेताना मी विचारलं, "उद्या एर्मिताज दाखवाल का?"

"एर्मिताज माझ्याकडे नाही," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मग पीटरहोफ?"

"ते तर अजिबात नाही." मग जरा विरघळून त्यांनी पीटरहोफमधली एकच गोष्ट सांगितली. तिथे पाहुण्यांना भिजवणारी चेष्टेखोर कारंजी आहेत. कुठल्यातरी एका दगडावर पाय पडला की पाणी उडतं, असं समजून पोरंबाळं दिवसभर दगडांवर उड्या मारत असतात. खरं म्हणजे आडोशाला एक माणूस बसलेला असतो आणि तो मनाला येईल तेव्हा चावी फिरवतो. "हे मला ठाऊक आहे ते फक्त माझा मेहुणा तिथे नोकरीला होता म्हणून," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणजे तेही स्वतःच्या इलाक्यातलं नव्हतं, नात्यातलं होतं.

आम्ही पीटरहोफला गेलो. शंभराहून जास्त कारंजी, आणि पंप एकही नाही. उंचावरच्या तळ्यांतून कालव्याने आलेलं पाणी स्वतःच्या उतारावर नाचतं. आजूबाजूला सगळे दगडांवर उड्या मारत होते. ही मात्र दगडांकडे न बघता आडोशाच्या माणसाला शोधत होती. तो सापडला. तिने त्याला नमस्कार केला. त्याने आम्हाला भिजवलं नाही.

एर्मिताजमध्ये बाहेरच्या गाइडला वाटेल तसा गट घेऊन बोलत फिरता येत नाही; संग्रहालयाची मान्यता लागते. म्हणून तिथल्याच खिडकीवर पैसे भरून आम्ही एका फेरीत सामील झालो. त्या संग्रहालयात तीस लाखांच्या आसपास वस्तू आहेत. मी एका कागदावर हिशेब केला होता: एका वस्तूला एक मिनिट, दिवसाचे आठ तास, तर सतरा वर्षं. सोमवारची सुट्टी धरली तर वीस. सगळ्या वस्तू मांडलेल्या नसतात हे नशीब. आमच्या गाइडला हे काम दोन तासांत उरकायचं होतं, त्यामुळे ती चालत नव्हती, निघून जात होती. लिओनार्दोच्या दोन मॅडोना एका दमात झाल्या. तळघरातल्या मांजरांचा फक्त उल्लेख झाला. एलिझाबेथ महाराणीने उंदरांसाठी अठराव्या शतकात कझानहून मांजरं मागवली, आणि त्या परंपरेतली डझनांनी मांजरं आजही तिथे सरकारी नोकरीत आहेत.

रेम्ब्रांच्या दालनात आम्ही मागे राहिलो. मुद्दाम नव्हे; ही 'उधळ्या पुत्राचं पुनरागमन' या चित्रासमोर उभी राहिली आणि हललीच नाही. फेरी पुढच्या शतकात निघून गेली. एर्मिताजच्या प्रत्येक दालनात खुर्चीवर एक वयस्क बाई बसलेली असते, चित्रांना कुणी हात लावू नये म्हणून. या दालनातली बाई उठली. मला वाटलं, ओरडणार. तिने हिला दंडाला धरून दोन पावलं डावीकडे उभं केलं. खिडकीचा उजेड चित्रावर चमकत होता तो त्या जागेवरून नाहीसा झाला. मग तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे केले आणि चित्रातल्या म्हाताऱ्या बापाच्या हातांकडे बोट दाखवलं. मुलाच्या पाठीवर ठेवलेले ते दोन हात सारखे नाहीत. एक रुंद, राकट, पुरुषाचा. दुसरा नाजूक, लांब बोटांचा, आईचा वाटावा असा. मग मुलाची झिजलेली टाच, पायातून निसटलेली वहाण. सगळं न बोलता. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि तिचं काही अडलं नाही.

जाताना मी तिला मोराच्या घड्याळाचं विचारलं. एर्मिताजमधलं हे सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ फार प्रसिद्ध. त्याला आठवड्यातून एकदा, बुधवारी, चावी देतात आणि मोर पिसारा फुलवतो. मी हातांनी पिसारा करून दाखवला. तिने खांदे उडवले आणि दाराकडे हात केला. मोर तिच्या खोलीत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन तासांत अख्खं शहर देऊ करणाऱ्या बसने मला वॉशिंग मशीन दाखवलं होतं. चार गल्ल्यांच्या बाईंनी शहर दाखवलं, आणि एका खोलीच्या बाईने, मला वाटतं, त्याहून थोडं जास्तच. मोठ्या देशात गाइड निवडायचा तर त्याला आधी विचारावं, "तुम्हाला काय दाखवता येत नाही?" यादी जितकी लांब, तितका माणूस भरवशाचा. जो म्हणेल "सगळं दाखवतो", त्याला नमस्कार करून पुढे जावं.

या नियमाला अपवाद होऊ शकेल अशी भीती त्वेर गावात वाटली. पीटर्सबर्गहून मॉस्कोला परतताना हे गाव रेल्वेमार्गावर लागतं, मॉस्कोच्या अलीकडे पावणेदोनशे किलोमीटरवर, व्होल्गेच्या काठी. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात आपल्याकडची पुष्कळ मुलं शिकतात. त्यांतला एक माझ्या साडूच्या शेजाऱ्यांचा मुलगा, लातूरचा. त्याच्या आईने त्याच्यासाठी दिलेलं काळ्या मसाल्याचं पुडकं आमच्या बॅगेत सगळा रशिया फिरून आलं होतं, ते पोचवायचं होतं. स्टेशनवर घ्यायला आला आणि पाया पडून म्हणाला, "काका, इथं बघण्यासारखं काहीच नाही. पण तूरडाळ कुठं मिळते ते दाखवतो."

त्याचा इलाका स्पष्ट होता. वसतिगृह, मेस, शवविच्छेदनाची इमारत, डाळीचं दुकान, आणि हिवाळ्यात कुठल्या फुटपाथवर माणूस हमखास घसरून पडतो ती जागा. हे सगळं त्याने आत्मीयतेने दाखवलं. मग आम्ही नदीवर गेलो. काठावर एक उंच पुतळा होता: दाढीवाला, लांब झगा घातलेला माणूस, खाली नावेचं निमुळतं टोक.

"हा कोण रे?"

"असंल कुणीतरी बोटवाला, काका. नवीन बॅच आली की आमी इथंच फोटो काढतो."

पुतळ्याशेजारी एक स्थानिक बाई सात-आठ रशियन पर्यटकांना माहिती सांगत होत्या. आम्ही पैसे देऊन गटात शिरलो. बाईंना फक्त रशियन येत होतं, म्हणून पोराला दुभाषा केलं. त्याचं रशियन इस्पितळात रोग्यांशी बोलण्यासाठी घडलेलं. "कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, श्वास घ्या, सोडा" यात तो पटाईत होता. इतिहासात त्याची धाप लागायची. तरी पहिल्याच वाक्यात तो चमकला. "काकू, हा माणूस आपल्याकडं येऊन गेलाय म्हणं. चौलला!"

तो होता अफनासी निकितिन, त्वेरचा व्यापारी. वास्को द गामाच्या सुमारे पाव शतक आधी तो चौल बंदरात उतरला, विकायला एक घोडा घेऊन. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी मिळून त्याच्यावर 'परदेसी' नावाचा चित्रपटही काढला, नर्गिसला घेऊन. पुतळा १९५५ चा. त्याची एक आख्यायिका बाईंनी सांगितली. नेहरूंनी ख्रुश्चेव्हना विचारलं, तुमच्याकडे निकितिनचं स्मारक असेलच ना? ख्रुश्चेव्ह म्हणाले, आहे तर! आणि मग घाईघाईने तयार करायला सांगितलं. खरं-खोटं पुतळा जाणे.

"चौलहून तो डोंगर चढून वर गेला," पोरगा सांगत होता, "आणि एका गावात पावसाळाभर अडकला. गावाचं नाव... जुन्नेर?"

"जुन्नर," ही म्हणाली, आणि पर्स माझ्या हातात दिली.

निकितिनने जुन्नरबद्दल आणि आपल्या मुलखाबद्दल लिहून ठेवलंय ते बाई एकेक करून सांगू लागल्या आणि ही एकेक करून निकाल लावू लागली. तो लिहितो, गावाचा किल्ला उंच खडकावर आहे, माणसाने न बांधलेल्या, देवाने घडवलेल्या. आणि वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस जाईल. "बरोबर. शिवनेरीच तो. तेव्हा वाट तशीच असणार. आता पायऱ्या आहेत, सात दरवाजे आहेत. १६३० साली शिवाजीमहाराज तिथेच जन्मले, हे सांग त्यांना." पोराने सांगितलं. बालेकिल्ल्याला तो अडला. "काकू, यकृत विचारा, प्लीहा विचारा. बालेकिल्ला आमाला शिकवला नाही." शेवटी त्याने किल्ल्याचं डोकं असं काहीतरी म्हटलं असावं, कारण रशियन माणसांनी डोकी वर केली.

निकितिन लिहितो, चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल.

"मग? पावसाळ्यात कशाला आला? भातलावणीचे दिवस ते. दिवाळीनंतर यायचं होतं."

निकितिन लिहितो, मी जाईन तिथे माझ्यामागे लोक यायचे, गोऱ्या माणसाला बघायला.

"अजून येतात. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

मग घोड्याचं प्रकरण निघालं. जुन्नरच्या खानाने निकितिनचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, अशी अट घातली. रशियन गट आता आमच्याकडे जरा रोखून बघू लागला. ही डगमगली नाही. "खान बिदरच्या सुलतानाचा माणूस. गावाचा त्यात काय संबंध? आणि घोडा मिळाला की नाही शेवटी?" मिळाला, बाईंनी मान्य केलं. एका भल्या माणसाने मध्यस्थी केली आणि धर्मासकट घोडा परत मिळाला. "झालं तर!" ही म्हणाली. मग नाणेघाट निघाला, तिथला दगडी रांजण निघाला, सातवाहनांच्या काळात त्यात जकात जमा व्हायची अशी समजूत आहे ती निघाली, लेण्याद्री निघालं. गट पुतळ्याकडे पाठ करून हिच्याभोवती उभा होता. खुद्द गाइडबाई वहीत लिहून घेत होत्या. रशियात गाइड ऐकायला लागले की वही काढतात, हे माझ्या तोवर लक्षात आलं होतं.

जुन्नरहून निकितिन पुढे बिदरला गेला. तिथे बहमनी सुलतानांची राजधानी, हत्ती, बाजार. त्याचा घोडाही तिथेच विकला गेला. बाईंनी पान उलटून मोठ्या उत्साहाने विचारलं, बिदर कसं आहे?

मला शेवटपर्यंत वाटत होतं की ही काहीतरी ठोकून देईल. बिदरला आम्ही एका लग्नाला जाऊन आलोय. किल्ला बाहेरून पाहिलाय. एवढ्या भांडवलावर माणसं प्रवासवर्णनं लिहितात.

"बिदर माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

पोराने भाषांतर केलं. बाईंनी वही मिटली, हिच्याकडे बघितलं आणि तिचा हात हातात घेतला. एका व्यवसायातली माणसं एकमेकांना ओळखतात ती अशी.

फेरी संपल्यावर मी पैसे पुढे केले. बाईंनी त्यातले निम्मेच घेतले आणि उरलेले माझ्या हातात परत ठेवून पोराला काहीतरी सांगितलं.

"काका, त्या म्हणतात, अर्धा वेळ तुमच्या गाइडनं काम केलं. हे त्यांचे."

ते रूबल मी अजून दिलेले नाहीत. ही दर महिन्याच्या एक तारखेला आठवण करते, आणि आता त्यावर व्याज लावते आहे.